हायब्रिड घ्यावी की साधी? नव्या ग्रँड व्हिटाराचा हिशेब

मारुती सुझुकीने आपल्या 'ग्रँड व्हिटारा' या मध्यम आकाराच्या एसयूव्हीची सुधारित आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये बाजारात आणली, तेव्हा जाहिरातींचा भर सहा एअरबॅगांवर होता. तो योग्यही होता. पूर्वी केवळ महागड्या प्रकारांना मिळणारे हे संरक्षण आता अगदी पायाभूत 'सिग्मा' प्रकारापासून प्रत्येक गाडीला मिळते. मात्र शहरातल्या ग्राहकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा बदल जाहिरातीत काहीसा झाकला गेला. 'स्ट्राँग हायब्रिड' इंजिन हवे असेल तर आतापर्यंत थेट 'झिटा प्लस' या वरच्या प्रकारापर्यंत जावे लागत असे. या सुधारणेत 'डेल्टा प्लस' हा खालचा प्रकार १६.९९ लाख रुपये या शोरूम किमतीला दाखल झाला आणि हायब्रिडचा उंबरठा बराच खाली आला. त्या वेळी साध्या गाडीची किंमत ११.४२ लाखांपासून सुरू होत होती.

ही गाडी मूळची सप्टेंबर २०२२ ची. नाव मारुतीचे असले तरी ती तयार होते बंगळुरूजवळच्या बिडदी येथील टोयोटा किर्लोस्करच्या कारखान्यात. टोयोटाची 'हायरायडर' ही तिची जुळी बहीण. (किर्लोस्कर हे नाव काय आहे, हे मराठी वाचकांना वेगळे सांगायला नको.) हायब्रिडचे तंत्रही टोयोटाचेच. १९९७ साली जपानमध्ये आलेल्या 'प्रियस'पासून ही कंपनी ते घोटवत आली आहे.

येथे एक घोटाळा आधी दूर करायला हवा. ग्रँड व्हिटारात 'हायब्रिड' हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. 'माइल्ड हायब्रिड' म्हणजे नेहमीचे १.५ लिटरचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आणि त्याला पट्ट्याने जोडलेली छोटी मोटर. ही मोटर इंजिन सुरू करते, वेग घेताना थोडा हातभार लावते. पण एकटीने गाडी ढकलू शकत नाही. 'स्ट्राँग हायब्रिड'मध्ये मात्र गाडी काही काळ केवळ विजेवर धावते. त्यातले दीड लिटरचे इंजिन तीन सिलिंडरचे असून ते 'अॅटकिन्सन' पद्धतीने चालते. इंधन कमी लागावे यासाठी या पद्धतीत झडपा उशिरा मिटतात. त्यामुळे इंजिनाचा जोर कमी पडतो आणि नेमकी ती उणीव विजेची मोटर भरून काढते. इंजिन सुमारे ९२ अश्वशक्तीचे, मोटर ८० ची, तर दोन्हींची एकत्रित ताकद ११५ च्या आसपास. इंजिन आणि मोटर आपापला जोर एकाच वेळी पूर्णपणे देत नसल्याने ही बेरीज सरळ होत नाही. नेहमीचा गिअरबॉक्स आणि क्लच यात नाहीतच. दातेरी चक्रांचा एक संच इंजिन, मोटर आणि चाके यांच्यात ताकदीची वाटणी करतो.

बॅटरी किती मोठी, हा प्रश्न प्रत्येक ग्राहक विचारतो. उत्तर ऐकून अनेकांची निराशा होते : अवघी ०.७६ किलोवॅट तास. पूर्ण विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या तुलनेत ती पन्नासाव्या भागाएवढी भरेल. ती बाहेरून चार्ज करता येत नाही आणि त्याची गरजही नाही. ब्रेक लावताना एरवी उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा ती साठवते आणि पुढच्याच मिनिटाला गाडी हलवण्यासाठी परत देते. थांबणे आणि निघणे यांचा हा खेळ जितका जास्त, तितका फायदा जास्त. सिग्नलला इंजिन बंद, रांगेत पुढे सरकताना इंजिन बंद. उलट मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एका वेगाने जाताना ब्रेकच लागत नाही, तेव्हा बॅटरीच्या पदरात फारसे काही पडत नाही. खंडाळ्याचा घाट उतरताना तर ही चिमुकली बॅटरी पायथा येण्यापूर्वीच भरून जाते. त्यापुढे इंजिनाच्या अवरोधाचाच आधार घ्यावा लागतो. गिअर दांड्यावरचे 'बी' हे अक्षर त्यासाठीच आहे.

आता पैशाचे. कंपनीने दिलेले आकडे पाहिले तर स्ट्राँग हायब्रिड लिटरला २७.९७ किलोमीटर, तर साधी ऑटोमॅटिक २०.५८ किलोमीटर धावते. वर्षाला १२ हजार किलोमीटर आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर धरले, तर बचत होते सुमारे १६ हजार रुपयांची. दोन गाड्यांच्या किमतीत अडीच लाखांचा फरक मानला, तर तो भरून यायला १५ वर्षांहून अधिक काळ लागेल. एवढ्या काळात गाडीच बदललेली असेल!

पण कागदावरचे हे आकडे प्रयोगशाळेतील चाचणीचे आहेत आणि गर्दीत साध्या ऑटोमॅटिकचे जे हाल होतात, ते त्यात दिसत नाहीत. उदाहरणादाखल कोंडीच्या रस्त्यावर साधी गाडी १२ आणि हायब्रिड २० किलोमीटर देते असे धरू. मग तेवढ्याच अंतरावर वर्षाला ४०० लिटर, म्हणजे सुमारे ४१ हजार रुपये वाचतात आणि अडीच लाख सहा वर्षांत वसूल होतात. रोज लांबच्या उपनगरातून कचेरी गाठणाऱ्याचे वर्षाचे अंतर २५ हजार किलोमीटर असेल, तर तीन वर्षेही लागत नाहीत. ज्याची गाडी आठवडाभर तळघरात उभी असते आणि शनिवारी गावाकडे निघते, त्याने मात्र हायब्रिडवर जादा पैसे घालण्यात अर्थ नाही. गाडी महाग म्हणजे किमतीच्या टक्केवारीने आकारला जाणारा रस्ता कर आणि विमाही महाग, हेही हिशेबात धरायला हवे.

जीएसटीच्या फेरबदलाने आणखी एक गोष्ट घडली. पूर्वी या आकाराच्या साध्या पेट्रोल गाडीवर उपकरासह ४५ टक्के, तर हायब्रिडवर ४३ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवर ४० टक्के झाला. गाड्या स्वस्त झाल्या खऱ्या; पण हायब्रिडला मिळणारी दोन टक्क्यांची झुकती बाजू संपली. पूर्ण विजेवरच्या गाड्यांना ५ टक्केच कर आहे, तेव्हा ही तक्रार अगदीच अनाठायी म्हणता येत नाही.

हायब्रिडची खरी किंमत सामान ठेवताना कळते. बॅटरी मागच्या बाजूला असल्याने डिकीची जागा ३७३ लिटरवरून २६५ लिटरवर येते. चौघांचे कुटुंब दिवाळीला निघाले की हे शंभर लिटर आठवतात. चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा हवी असेल, तर ती माइल्ड हायब्रिडमध्येच मिळते. जोरात वेग घेताना तीन सिलिंडरांची थरथर आणि घरघर जाणवते, हेही शोरूममध्ये कोणी आपणहून सांगत नाही. हळू वेगात गाडी इतकी निःशब्द असते, की पादचाऱ्यांना चाहूल लागावी म्हणून जुलै २०२३ पासून तिला मुद्दाम आवाज काढणारी यंत्रणा बसवली गेली.

बाकीचे बदल किरकोळ पण सोयीचे आहेत : वरच्या प्रकारांत विजेवर आठ दिशांनी हलणारी चालकाची सीट, केबिनमधील हवेची शुद्धता दाखवणारा आकडा, मागच्या दारांना पडदे, सहा गिअरच्या ऑटोमॅटिकला बटणाचा हॅंडब्रेक. सर्व इंजिने २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर चालतील अशी केली आहेत. समोरच्या वाहनाशी अंतर राखणारी किंवा आपोआप ब्रेक लावणारी 'एडास' यंत्रणा मात्र या सुधारणेतही आली नाही. ती कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या 'व्हिक्टोरिस'ला दिली. हायब्रिडचे इंजिन त्या गाडीतही मिळत असल्याने घाई नसलेल्या ग्राहकाने दोन्ही चालवून पाहाव्यात.

डिसेंबर २०२४ ते एप्रिल २०२५ या काळात बनलेली ग्रँड व्हिटारा जुन्या बाजारातून घेणाऱ्यांनी एक चौकशी जरूर करावी. इंधनाची पातळी दाखवणाऱ्या काट्यातील संभाव्य दोषासाठी कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये ३९,५०६ गाड्या परत बोलावल्या होत्या. दुरुस्ती विनामूल्य होती. ती झाली आहे की नाही, हे चासी क्रमांकावरून अधिकृत सेवाकेंद्रात कळू शकते.