घोयऱ्याचे पिल्लू घरी आले तर…

गेल्या श्रावणातील एका दुपारी आमचा नातू शेतातून धावत घरी आला. त्याने दोन्ही तळहात शिंपल्यासारखे मिटून धरले होते. ओसरीवर येऊन त्याने ते हळूच उघडले आणि म्हणाला, “आबा, हे पाय ना, केवढुसा हाये!” तळहातावर बोटाएवढे, पोपटी रंगाचे, शेपटीची गुंडाळी केलेले एक पिल्लू होते. त्याचा एक डोळा माझ्याकडे पाहत होता आणि दुसरा नातवाकडे. आतून आजी ओरडली, “टाक तो घोयरा खाली! इखारी असते तो.” नातवाने पिल्लू छातीशी धरले आणि माझ्याकडे पाहिले.

आमच्या गिरडमध्ये, समुद्रपूर तालुक्याच्या या भागात, घोयरा तसा नवा नाही. तुरीच्या ओळीत, धुऱ्यावरच्या बोरी-बाभळीत तो अधूनमधून दिसतो. दिसला की बहुधा त्याच्यावर दगड पडतो. त्या दिवशी मात्र नातवाच्या डोळ्यांतील आर्जवापुढे माझे काही चालले नाही. “एक रात्र राहू दे,” असे मी म्हणालो. बुटांच्या खोक्यात कापूस घालून त्याचे अंथरूण झाले. बाटलीच्या झाकणात दूध आले, चार भाताची शिते आली. गल्लीतील मुलांनी त्याला हातोहात फिरवले. सकाळी खोके उघडले, तेव्हा पोपटी रंग गेला होता. पिल्लू काळपट पडले होते, डोळे मिटून एका कोपऱ्यात बसले होते. दुधाला आणि भाताला त्याने तोंडही लावले नव्हते.

शेजारी प्राणिशास्त्र शिकणारा एक तरुण राहतो. त्याने ते पाहिले आणि शांतपणे म्हणाला, “आबा, याला जिथून आणले तिथेच आत्ताच नेऊन सोडा.” आम्ही तसे केले. तुरीच्या फांदीशी नेताच त्या अर्धमेल्या जिवाने पाय पुढे केला, फांदी घट्ट धरली आणि पानाआड सरकला. नातू तेथे बराच वेळ उभा होता. आपण प्रेमाने केलेली प्रत्येक गोष्ट चुकीची होती, हे त्याला आणि मला एकाच वेळी उमगले. हा लेख त्या उमगण्यातून लिहिला आहे.

हा प्राणी आहे तरी कोण?

इंग्रजीत ज्याला कॅमेलिऑन म्हणतात, तोच आपला घोयरा. भारतात त्याची एकच जात नैसर्गिकरीत्या आढळते. कुंपणावर मान हलवणाऱ्या नेहमीच्या सरड्यापेक्षा तो वेगळा असतो. त्याच्या पायाची बोटे दोन आणि तीन अशा दोन जुड्यांत विभागलेली असतात, त्यामुळे तो चिमट्याप्रमाणे फांदी पकडतो. शेपूट त्याला पाचव्या पायाइतके उपयोगी पडते. दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरतात आणि जीभ शरीराच्या लांबीपेक्षाही दूर फेकली जाते.

तो विषारी नाही. त्याच्या दातांत विष नाही, श्वासात नाही आणि नजरेतही नाही. डिवचल्यास तो अंग फुगवतो, फूत्कारतो, फारच झाले तर चावतो. जिनिव्हा येथील शास्त्रज्ञांनी २०१५ साली दाखवून दिले, की कॅमेलिऑनच्या त्वचेत सूक्ष्म स्फटिकांची जाळी असते आणि त्या स्फटिकांतील अंतर बदलले की रंग बदलतो. हा बदल पाठीमागच्या रंगाशी जुळवून घेण्यासाठीच होतो, ही समजूत पुरती खरी नाही. ऊन, थंडी, भीती, राग, आजारपण हे सारे त्याच्या कातडीवर उमटते. आमच्या खोक्यातले पिल्लू काळपट झाले, ते त्याचे गाऱ्हाणे होते. आम्हाला ती भाषा वाचता आली नाही, एवढेच.

कायदा काय सांगतो?

भारतीय घोयरा हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहे. त्याला पकडणे, घरात ठेवणे, विकणे किंवा मारणे हा गुन्हा आहे. “मुलाने हौसेने आणले” ही सबब कायद्यापुढे चालत नाही. म्हणून धडधाकट पिल्लू सापडले तर ते तेथेच राहू द्यावे. अनवधानाने घरी आणलेच, तर त्याच दिवशी, ऊन कडक होण्यापूर्वी किंवा कलल्यावर, ज्या झुडपावरून आणले तेथेच सोडावे. त्याला ओढू नये. त्याच्यासमोर काडी धरावी, म्हणजे ते आपणहून तिच्यावर चढते. घोयऱ्याची मादी अंडी घालण्यासाठी जमिनीवर उतरते, खड्डा करते, अंडी बुजवते आणि निघून जाते. पिल्लू जन्मापासून स्वतंत्र असते. त्यामुळे “आईवाचून कसे जगेल?” ही आपली काळजी त्याच्या बाबतीत गैरलागू आहे.

पिल्लू जखमी असेल, तर वन विभागाच्या १९२६ या मदतक्रमांकावर कळवावे. मदत येईपर्यंत ते हवेशीर खोक्यात, एका काडीवर, सावलीत आणि शांततेत ठेवावे. दूध, भात, पोळी काहीही देऊ नये.

परवानगीचा पाहुणा घरात स्थिरावताना

तरीही हा विषय येथे संपत नाही. आपली मुले-नातवंडे परदेशी आहेत, मोठ्या शहरांत आहेत. तेथे येमेनचा शिरस्त्राणधारी कॅमेलिऑन किंवा मादागास्करचा रंगीबेरंगी कॅमेलिऑन पाळला जातो. सहा महिन्यांसाठी मुलीकडे गेलेल्या आजी-आजोबांवर दिवसभर त्या प्राण्याची राखण येते, असेही घडते. भारतात अशा विदेशी जाती ठेवण्यासाठी २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. ती नसेल तर प्राणी घेऊच नये.

पिल्लू नव्या घरी येते, तेव्हा पहिले दोन आठवडे त्याला एकटे सोडणे हीच त्याची सर्वांत मोठी सेवा होय. त्याला हातात घेऊ नये, पाहुण्यांना दाखवू नये, पिंजऱ्याजवळ दूरदर्शन संच किंवा मांजर नसावे. पिंजरा उभट आणि जाळीचा असावा, म्हणजे हवा खेळती राहते. तो उंचावर ठेवावा. झाडावर राहणाऱ्या या जिवाला वरून कोणी वाकून पाहिले की शिकारी पक्ष्याची भीती वाटते. आत मनी प्लांट, जास्वंद अशी झाडे आणि निरनिराळ्या जाडीच्या काटक्या असाव्यात. लपायला दाट पाने मिळाली की ते लवकर धीट होते. एका पिंजऱ्यात एकच प्राणी ठेवावा. कॅमेलिऑन एकलकोंडा असतो आणि दुसरा नुसता दिसला तरी त्याला ताण येतो. पहिले एक-दोन दिवस ते जेवले नाही, तर घाबरून जाऊ नये.

ऊबेसाठी वरच्या एका टोकाला दिवा असावा. पिल्लासाठी त्याखालील तापमान साधारण २७ ते २९ अंश सेल्सिअस पुरते. खालचा भाग थंड असावा, म्हणजे ते आपली जागा आपण निवडते. रात्री दिवे बंद करून पूर्ण अंधार द्यावा. वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या आपल्या वर्ध्यासारख्या भागात तर ऊबेपेक्षा उन्हाळ्याचीच चिंता मोठी.

खाणे, पाणी आणि हाडे

पिल्लाला जिवंत, हलणारे किडे लागतात. अगदी लहान असताना फळांवर घोंघावणाऱ्या चिलटांसारख्या माश्या आणि नुकतेच जन्मलेले रातकिडे हे त्याचे अन्न. मापाचा नियम सोपा आहे. पिल्लाच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा किडा देऊ नये. वाढत्या वयात दिवसातून एकदा-दोनदा, ते खाईल तेवढे द्यावे. मोठे झाल्यावर एक दिवसाआड पुरते. उरलेले रातकिडे संध्याकाळी काढून घ्यावेत, नाहीतर रात्री तेच झोपलेल्या पिल्लाला चावतात. किडे प्राणी-खाद्याच्या दुकानातून आणावेत. कपाशीच्या शेतातले किडे फवारणीमुळे घातक ठरतात. पावसाळ्यात हौसेने काजवे तर कधीच देऊ नयेत. ते सरड्यांना विषारी असतात.

पाणी वाटीत ठेवून उपयोग नाही. कॅमेलिऑनला साचलेले पाणी सहसा ओळखूच येत नाही. तो पानांवरचे दवबिंदू चाटतो. म्हणून रोज सकाळी आणि संध्याकाळी पानांवर पाण्याचा बारीक फवारा मारावा आणि मधल्या वेळात पाने वाळू द्यावीत.

आता आपल्या वयाच्या वाचकांना जवळची वाटेल अशी गोष्ट. किड्यांच्या शरीरात कॅल्शियम फार कमी असते. म्हणून ते देण्यापूर्वी त्यांच्यावर कॅल्शियमची पूड शिंपडतात आणि त्या किड्यांनाही आधी पालेभाजी, गाजर असे पौष्टिक खाऊ घालतात. पण ते कॅल्शियम हाडांपर्यंत पोहोचण्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व हवे आणि ते कातडीत तयार होण्यासाठी सूर्यप्रकाशातील अतिनील किरण हवेत. खिडकीची काच ते किरण जवळजवळ अडवते. त्यामुळे बंद तावदानामागे उन्हात बसलेल्या पिल्लाला ऊब मिळते, ‘ड’ जीवनसत्त्व मिळत नाही. त्यासाठी वेगळा दिवा लावतात. तो प्रकाशत राहिला तरी त्यातील किरण काही महिन्यांत क्षीण होतात, म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत तो बदलावा लागतो. हे सारे चुकले, की पिल्लाची हाडे मऊ होतात, पाय वाकतात, जबडा सुजतो. लहान मुलांतील मुडदुसाचाच हा भाऊ. काचेमागे खुर्ची टाकून ‘ऊन घेणाऱ्या’ आपल्यापैकी कित्येकांनी हा धडा स्वतःसाठीही लक्षात ठेवावा.

केव्हा काळजी करावी?

खोल गेलेले डोळे हे पाणी कमी पडल्याचे चिन्ह. दिवसा मिटलेले डोळे, सततचा काळपट रंग, थंड जागीही उघडे राहणारे तोंड, फांदीवरची सुटणारी पकड, हलताना थरथरणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपाय न करता पशुवैद्यकाकडे न्यावे. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्यक जवळ आहे का, हे प्राणी आणण्यापूर्वीच पाहून ठेवणे शहाणपणाचे.

ज्येष्ठांनी घ्यायची काळजी

सर्वांत महत्त्वाचे ते आता. सरपटणारे प्राणी स्वतः ठणठणीत असतानाही त्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला जिवाणू बाहेर पडू शकतात. ते कातडीवर, पिंजऱ्यावर, पाण्यात, सर्वत्र पसरतात. निरोगी तरुणाला त्यामुळे चार दिवस जुलाब, ताप, पोटात मुरडा येऊन बरे वाटते. पण वयस्कांमध्ये, मधुमेह किंवा मूत्रपिंडाच्या विकारात, कर्करोगावरील उपचार चालू असताना हा संसर्ग रक्तात उतरू शकतो. म्हणूनच अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्र सांगते, की ज्या घरात पाच वर्षांखालील मूल, पासष्टीपुढील व्यक्ती किंवा प्रतिकारशक्ती क्षीण असलेला रुग्ण आहे, तेथे सरपटणारे प्राणी पाळू नयेत.

नातवाच्या घरी तो आधीच असेल, तर सोपे नियम पाळावेत. प्राण्याला किंवा पिंजऱ्याला स्पर्श झाला की किमान २० सेकंद साबणाने हात धुवावेत. पिंजरा स्वयंपाकघरात नसावा आणि त्याची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नयेत. विष्ठा काढण्याचे काम घरातील निरोगी तरुणाने करावे. त्याचे चुंबन घेणे, त्याला गालाला लावणे तर नकोच. जुलाबासह ताप आला, तर घरात सरपटणारा प्राणी आहे ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. ती न सांगितल्यास निदानाला उशीर होतो.

शेवटी

गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांच्या दर्ग्याभोवती गोल गुळगुळीत दगड सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, अशी त्यामागची आख्यायिका आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आमच्या घरी गोष्ट थोडी उलटी घडली. हातात दगड घेणाऱ्या घराने तो खाली ठेवला.

आजीला मधुमेह आहे. साल्मोनेलाचे कळल्यावर तिने नातवाचे हात कोपरापर्यंत दोनदा धुवून घेतले आणि मग त्याला जवळ घेतले. आता तो आणि मी रोज सकाळी धुऱ्यापर्यंत चालत जातो. डॉक्टरांनी मला अर्धा तास चालायला सांगितले होते. वर्षभर ते जमत नव्हते, ते या निमित्ताने जमले. घोयरा रोज दिसतो असे नाही. परवा दिसला, तो तुरीच्या शेंड्याजवळ पोपटी होऊन बसला होता. नातवाने हात पुढे केला नाही. त्याने माझा हात मात्र घट्ट धरला आणि कुजबुजला, “आबा, हळू बोल. तो जेवून राह्यला.”