दिल्लीचे दोन धूर

ऑक्टोबर सरत आला म्हणजे दिल्लीच्या आकाशाचा रंग पालटू लागतो. सकाळी इंडिया गेटची कमान राखाडी पडद्याआड जाते आणि वर्तमानपत्रांतून पंजाब-हरियाणातील जळत्या शेतांची छायाचित्रे झळकू लागतात. भाताची कापणी यंत्राने होते, धसकटे शेतातच उभी राहतात, आणि गव्हाची पेरणी तर दोन-तीन आठवड्यांवर आलेली असते. शेतकरी काडी ओढतो. या घाईला कायद्याचाही हातभार लागला आहे. भूगर्भातील पाणी वाचावे म्हणून दोन्ही राज्यांनी २००९ मध्ये कायदे करून जूनचा पहिला आठवडा उलटण्यापूर्वी भातलावणी करण्यास मनाई केली. लावणी लांबली तशी कापणीही लांबली, आणि धुराचा हंगाम नेमका वारा पडण्याच्या दिवसांत येऊन ठेपला.

हा धूर फुप्फुसांचा वैरी आहे, यात शंका नाही. परंतु त्यातील कर्बाचा, म्हणजे शास्त्रज्ञ ज्याला कार्बन म्हणतात त्याचा, हिशेब निराळा आहे. भाताच्या रोपाने तो कर्ब मातीतून घेतलेला नसतो. जून ते ऑक्टोबर या चार महिन्यांत, सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने, त्याने तो हवेतील कर्बवायूमधून काढून घेतलेला असतो. पेंढा जळाला की तो हवेत परत जातो, आणि पुढल्या वर्षीचे भात तेवढाच कर्ब पुन्हा शोषून घेते. कोकणात राब भाजतात तेव्हाही हेच घडते. पेंढा न जाळता शेतात कुजू दिला, तरी त्यातला बराचसा कर्ब आज ना उद्या हवेतच जायचा. फक्त थोडा मातीत राहून तिचा कस वाढवील. शेत जाळल्याने हा लाभ बुडतो आणि अर्धवट जळण्यातून मिथेनसारखे उष्णता धरून ठेवणारे वायूही निघतात. म्हणून तो धूर निर्दोष म्हणता येणार नाही. तथापि कर्बाच्या खात्यात तो चालू देवघेवीचाच भाग ठरतो.

दुसरा धूर दिल्लीच्या दक्षिण सीमेवर निघत असे. बदरपूरचे औष्णिक वीजकेंद्र १९७३ मध्ये सुरू झाले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये कायमचे बंद झाले. ७०५ मेगावॅट क्षमतेच्या या केंद्राला कोळसा येई तो झारियाच्या खाणींतून. ज्या वनस्पतींचा तो कोळसा झाला, त्या पंचवीस कोटी वर्षांपूर्वी दलदलीत गाडल्या गेल्या. त्यांचा कर्ब तेव्हापासून चक्राबाहेर होता. पणजोबांनी पुरून ठेवलेला हंडा वंशजांनी उकरावा आणि एका बाजारात उधळावा, तसे हे झाले. फरक इतकाच की बाजारात उधळलेला पैसा आपल्याजवळ उरत नाही. हवेत उधळलेला कर्ब मात्र उरतो.

किती उरतो, हे पाहण्याजोगे आहे. भूमीवरील वनस्पती दरवर्षी सुमारे बारा हजार कोटी टन कर्ब हवेतून घेतात, आणि वनस्पतींचे श्वसन, कुजणे व वणवे मिळून जवळजवळ तेवढाच परत करतात. कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळून माणूस हवेत सोडतो तो सुमारे हजार कोटी टन, म्हणजे त्याचा बारावा हिस्सा. एवढ्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. ज्या दुकानात रोज बाराशे रुपये येतात आणि बाराशेच जातात, तेथे रोज शंभर जास्त येऊ लागले तर पेटी फुगणारच. या शंभरांपैकी निम्म्याहून थोडे अधिक समुद्र आणि अरण्ये उचलतात; समुद्राला त्याची किंमत वाढत्या आम्लतेच्या रूपाने मोजावी लागते. बाकीचे हवेत साठतात. कारखान्यांच्या युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे २८० भाग होते. हवाई बेटांवरील मौना लोआ पर्वतावर १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी मोजणी सुरू केली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते; आता त्यांनी ४२० ओलांडले आहेत.

हा वाढावा खाणींतलाच कशावरून? जिवंत वनस्पतीत किरणोत्सर्गी कर्बाचा अत्यल्प अंश असतो आणि तो ५,७३० वर्षांत निम्मा होतो. कोट्यवधी वर्षांच्या कोळशात तो उरतच नाही. हवेतील या अंशाचे प्रमाण जुन्या कर्बाच्या भेसळीने उतरत असल्याचे हान्स झ्यूस यांनी १९५५ मध्येच दाखवून दिले होते. पेंढ्याचा कर्ब आणि कोळशाचा कर्ब डोळ्याला सारखेच दिसत असले, तरी त्यांचे वय लपत नाही.

बदरपूरच्या चिमण्या थंडावल्या, परंतु दिल्लीला लागणाऱ्या विजेचा मोठा भाग अजूनही कोळशाचाच आहे. तो आता दादरी, झज्जर आणि त्याहून दूरच्या केंद्रांत जळतो. कोळशाच्या एका युनिटामागे सुमारे एक किलो कर्बवायू हवेत जातो. मे महिन्यात एखाद्या घरातले वातानुकूलन यंत्र रात्रभर चालले की आठ-दहा किलोंचा हिशेब झाला. बसगाड्यांचेही असेच. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानुसार दिल्लीच्या बस २००२ अखेर नैसर्गिक वायूवर आल्या आणि त्यांची काजळी गेली. ते मोठेच काम झाले. पण तो वायूही भूगर्भातलाच, आणि कर्ब थोडा कमी झाला एवढेच. दिल्लीच्या टेकड्यांवर झाडे लावणे चांगलेच; मात्र झाड उभे असेतोवरच कर्ब सांभाळते, आणि झारियाच्या थराने तो पंचवीस कोटी वर्षे सांभाळला होता.

२०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने शेत जाळण्याचा दंड दुप्पट करून जमिनीच्या मानाने पाच ते तीस हजार रुपये ठरविला. दिल्लीच्या घरी येणाऱ्या विजेच्या बिलावर युनिटे असतात, दर असतो, अधिभारही असतो. कोणत्या खाणीतला किती कर्ब त्यापायी हवेत गेला, याचा रकाना त्यावर नसतो.