उभ्या गाडीचा कारभार

गाडी जागेवर लावून, दरवाजे बंद करून चालक जिन्यापर्यंत पोहोचतो न पोहोचतो तोच मागे उभ्या असलेल्या निर्मनुष्य विद्युत मोटारीच्या पोटातून ‘खट्’ असा एकच भरीव आघात ऐकू येतो, आणि ज्याचे उभे आयुष्य पेट्रोलच्या गाडीत गेले त्या गृहस्थाच्या मनात त्यामुळे जी शंका शिरते ती सहजासहजी शमत नाही. वस्तुतः हा आवाज कॉन्टॅक्टरचा, म्हणजे मुख्य बॅटरीचा मार्ग जोडणाऱ्या आणि तोडणाऱ्या विद्युतचुंबकी कळीचा असतो. गाडीच्या तळाशी बसविलेल्या बॅटरीचा दाब बहुतेक गाड्यांत 300 ते 400 व्होल्टच्या दरम्यान, आणि काही नव्या गाड्यांत 800 व्होल्टच्या घरात असतो. इतका प्रबल दाब गाडी विसावलेली असताना तारांतून खेळत राहू नये म्हणून बॅटरीच्या धन आणि ऋण अशा दोन्ही टोकांशी एकेक कॉन्टॅक्टर योजलेला असतो, आणि त्याच्या वेटोळ्यातील प्रवाह थांबला की आतील स्प्रिंग संपर्कपट्टी मागे लोटून मार्ग तोडते. तो आघात बॅटरी उरलेल्या गाडीपासून विभक्त झाल्याची ग्वाही देतो. तो ऐकून निर्धास्त व्हावयाचे असते.

गाडी जागी करताना मात्र एकाऐवजी दोन-तीन ठोके अगदी लागोपाठ येतात, आणि त्यांच्या क्रमात मोठे शहाणपण आहे. चाके फिरविणाऱ्या मोटरला वीज पुरविणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये जे कपॅसिटर असतात, ते रिकामे असताना त्यांच्यावर बॅटरीचा संपूर्ण दाब एकाएकी सोडला, तर क्षणमात्र इतका प्रचंड प्रवाह धावेल की संपर्काची मुखे वितळून एकमेकांस कायमची चिकटतील. म्हणून प्रथम एक लहान रिले एका रोधातून बेताबेताने प्रवाह आत सोडतो, कपॅसिटर भरत आले की मुख्य कॉन्टॅक्टर जोडला जातो, आणि मग त्या लहान रिलेस निरोप मिळतो. हे सारे एखाद्या सेकंदात आटोपते. परंतु शांत जागी लक्षपूर्वक ऐकणाऱ्यास त्यांतील हलका ठोका कोणता आणि जड कोणता हे स्पष्ट ओळखता येते.

या आवाजांचा माग काढण्यास निमित्त झाला तो पुण्यातील आमच्या सोसायटीचा रात्रपाळीचा रखवालदार. “काका, गाडीत कोणी नसतं, तरी मध्यरात्री ती आपोआप घुरघुरते आणि मग आपोआप गप्प होते,” अशी त्याची कैफियत होती, आणि पहिल्या मजल्यावरील एका रहिवाशांचा त्याच आशयाचा तक्रारअर्जही सेक्रेटरींच्या दप्तरी दाखल झाला होता. त्यानंतर कित्येक रात्री मी तळघरात त्या गाडीशेजारी खुर्ची टाकून बसलो, आणि आवाज केव्हा झाला, कोठून आला व किती वेळ टिकला या तीन बाबींचा तपशील वहीत उतरवीत गेलो. रखवालदारानेही आपल्या फेऱ्यांत कान देऊन या शहानिशेत मनापासून साह्य केले. समोरच्या जाळीतून आलेला आवाज आणि मागच्या चाकापासून आलेला आवाज यांतला भेद तो माझ्याहून लवकर सांगू लागला.

मध्यरात्रीच्या त्या घुरघुरीचे मूळ गाडीतील दुसऱ्या, लहान बॅटरीत आहे. कुलुपे, दिवे, संगणक, मोबाइलशी संपर्क ठेवणारे यंत्र, हा सारा नित्याचा खर्च 12 व्होल्टच्या लहान बॅटरीवर चालतो. इतकेच नव्हे तर मोठ्या बॅटरीचा मार्ग उघडणाऱ्या कॉन्टॅक्टरलाही आज्ञा मिळते ती हिच्याच विजेवर. तिजोरी कितीही भरलेली असो, किल्ली जिच्या कमरेला आहे ती घरात नसेल तर तिजोरीचा काही उपयोग नाही. तद्वत् लहान बॅटरी उतरली की शेकडो किलो वजनाची मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी निश्चल राहते. तेव्हा लहान बॅटरीचा दाब खाली येताना दिसला म्हणजे गाडी मालकाची वाट न पाहता स्वतःच जागी होते: आधी ठोके पडतात, मग दाब उतरवून देणारा परिवर्तक व त्याला थंड ठेवणारा पंप यांचा मंद, एकसुरी घुमार सुरू होतो, आणि काम उरकले की शेवटचा ठोका देऊन सारे पूर्ववत् स्तब्ध होते. रखवालदाराने ऐकलेला क्रम तंतोतंत हाच होता.

चार्जिंगचे आवाज याहून विविध आणि, मला तर वाटते, अधिक वेधक आहेत. भिंतीवरील चार्जरची नळी गाडीस लावली की प्रथम ‘कर्र’ असा आवाज येतो. तो नळी खेचून काढता येऊ नये म्हणून आतून खीळ सरकविणाऱ्या चिमुकल्या मोटरचा. त्यापुढे क्षणभर शांतता असते. परंतु त्या शांततेत दोन्ही पक्षांत बोलणी चाललेली असतात. चार्जर एका बारीक तारेतून सेकंदाला 1000 स्पंदने पाठवितो, आणि त्या स्पंदनांच्या रुंदीवरून जास्तीत जास्त किती प्रवाह मिळेल हे गाडीस कळते. त्या तारेवरील दाब मोकळ्या अवस्थेत 12 व्होल्ट असतो, गाडी जोडली गेली की तो 9 होतो, आणि वीज घेण्याची आपली सिद्धता गाडी तो 6 व्होल्टवर आणून कळविते. ही संमती मिळाल्यावरच भिंतीवरच्या पेटीतील कॉन्टॅक्टर खटकन् बसतो आणि घरची वीज नळीत उतरते. तोवर ती नळी हातात धरली तरी तिच्यात प्राणघातक असे काही नसते. वीज वाहू लागल्यावर जो खर्जातला गुंजारव ऐकू येतो तो रस्त्यावरील महावितरणच्या डीपीचाच सगोत्र आहे: आपली वीज सेकंदास 50 आवर्तनांची, प्रत्येक आवर्तनात चुंबकीय ओढ दोनदा शिगेला पोहोचते, आणि म्हणून लोखंडी गाभे व वेटोळी सेकंदास 100 वेळा थरथरतात. क्वचित त्याच्या वर एक अतिशय बारीक शीळ असते. वयाबरोबर उच्च स्वर ऐकण्याची शक्ती क्षीण होत जात असल्यामुळे ती शीळ आमच्या सोसायटीतील लहान मुलांना स्पष्ट ऐकू येते आणि त्यांच्या आजोबांना मुळीच नाही. त्यावरून घरात वाद झाल्यास मुलांचे म्हणणे ग्राह्य धरावे.

सर्वांत मोठा आवाज उष्णतेपायी होतो. लिथियमच्या बॅटरीस साधारणतः 15 ते 35 अंशांचे तापमान मानवते, आणि मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे पारा 45 अंशांच्या आसपास गेलेला असताना जलद चार्जरवर गाडी लावली म्हणजे बाहेरचे ऊन आणि आतला प्रवाह असा दुहेरी ताप तिच्यावर येतो. प्रवाह दुप्पट झाला की अंतर्गत रोधामुळे उपजणारी उष्णता चौपट होते. अशा वेळी बोनेटखालचा पंखा पूर्ण वेगाने फिरू लागतो, वातानुकूलनाचा विद्युत कॉम्प्रेसर आतील माणसांऐवजी बॅटरीभोवतीचे द्रव थंड करण्यास जुंपला जातो, आणि उभ्या गाडीच्या गर्जनेने आसपासची माणसे मागे सरतात. नळी काढल्यावरही पंखा काही काळ चालू राहतो; तो थांबला की शीतक वायूचा दाब दोन्हीकडे समान होताना ‘स्स्स’ असा आवाज होतो, आणि गाडीखाली पाण्याचे थारोळे दिसते. ते केवळ हवेतील ओलावा थंड होऊन साचलेले पाणी असते.

हातब्रेकऐवजी विजेवर चालणारा ब्रेक असलेल्या गाड्यांत मागच्या चाकांपाशी होणारी घरघर ही ब्रेक आवळणाऱ्या मोटरांची. घाट उतरून आलेल्या गाडीच्या तापलेल्या चकत्या थंड होऊन आकसल्या म्हणजे पकड ढिली पडू नये यासाठी काही गाड्या थोड्या वेळाने ती आपणहून पुन्हा आवळतात, आणि ही दुसरी घरघर नवख्या मालकास फार दचकविते.

गाडीबरोबर मिळणाऱ्या जाडजूड पुस्तकात या आवाजांविषयी जेमतेम चार ओळी असतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. ताबा देताना विक्रेत्याने रंग, पडदा आणि आसने दाखविण्यात जो वेळ घालविला, त्यातील अर्धा तास जरी गाडी झोपवून, जागी करून, चार्जरला लावून तिचे निरोगी आवाज ऐकविण्यात खर्च केला, तर निष्कारण भीती आणि निष्कारण खेपा दोन्ही टळतील. ज्याच्या कानास निरोगी आवाजाची सवय आहे त्यालाच रोगी आवाज वेगळा पडतो. एका ठोक्याऐवजी कटकटकट असा सैरावैरा कडकडाट होऊ लागला, तर रिले पकड घेण्यापुरताही दाब लहान बॅटरीत उरला नाही असे बहुधा समजावे. द्रवाच्या नळ्यांत गुळगुळ होत असेल तर आत हवा अडकली आहे; पंखा खरवडत असेल तर पुष्कळदा एखादे वाळके पान कारणीभूत असते; पंप किंचाळू लागला तर त्याचे बेअरिंग झिजले आहे. मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाशी लावून असे दोष हुडकतात खरे, परंतु नारिंगी आवरणाच्या तारा उच्च दाबाच्या असल्याने त्यांच्या वाटेस कोणी जाऊ नये. कार्यशाळेत ‘विचित्र आवाज येतो’ असे मोघम सांगण्यापेक्षा वेळ, जागा आणि अवधी यांची नोंद पुढे ठेवली, आणि जमल्यास मोबाइलवर ध्वनिमुद्रण केले, तर तेथील मंडळींचे काम पुष्कळच सुकर होते.

एक आवाज मात्र नोंदवीत बसण्याचा नव्हे. गाडीच्या तळातून जोराचा फूत्कार, फटफट असे स्फोट, पांढुरका धूर आणि द्रावकासारखा उग्र-गोडसर वास ही लक्षणे एकत्र दिसली, तर बॅटरीतील घट तापून फुटू लागले आहेत हे जाणून तत्काळ दूर व्हावे, इतरांस दूर करावे आणि 101 किंवा 112 वर कळवावे. पुराच्या पाण्यात, विशेषतः खाऱ्या पाण्यात, बुडालेल्या गाडीविषयी तर अधिकच सावध राहिले पाहिजे: 2022 च्या सप्टेंबरात अमेरिकेतील फ्लोरिडावर इयान हे चक्रीवादळ आदळल्यानंतर समुद्राच्या पाण्यात सापडलेल्या काही विद्युत गाड्यांनी पाणी ओसरून दिवस लोटल्यावर पेट घेतला. मुंबईची कित्येक तळघरे पावसाळ्यात भरतात, आणि भरतीच्या वेळी खाडीचे पाणीही काही वस्त्यांत शिरते. तेथे अशी गाडी बाहेर काढली की ती चार्जरला लावू नये, सुरू करून पाहू नये, आणि ती शांत दिसली तरी इमारतीपासून व इतर वाहनांपासून निदान 15 मीटर अंतरावर, उघड्यावर ठेवून जाणकारास बोलवावे.