पाणी वाहून गेले, विष राहिले

नदीचे पाणी वाहते असते. आज आपल्या गावावरून गेलेले पाणी उद्या कुठल्या कुठे जाते. म्हणून वाहते पाणी चोख, असे आपण धरून चालतो. पण पाणी जाते आणि गाळ राहतो. त्या गाळाची ही हकिकत आहे.

रशियात उरल नावाचा मोठा डोंगर आहे. त्याच्या पूर्वेला तेचा नावाची लहान नदी वाहते. तिच्या काठी पुष्कळ गावे होती. लोक नदीचे पाणी पीत. बाया तिथेच धुणे धूत. गुरे तिथेच पाण्यावर येत. आपल्याकडे असते तसेच सगळे.

नदीच्या वरच्या अंगाला मायाक नावाचा कारखाना होता. तिथे अणुबाँबसाठी लागणारा माल तयार होई. १९४९ ते १९५६ या काळात कारखान्याने आपले सांडपाणी या नदीत सोडले. त्यात किरणोत्सर्गी पदार्थ होते. किरणोत्सर्गी म्हणजे काय? ज्यातून डोळ्यांना न दिसणारे किरण सारखे बाहेर पडतात, ते. हे किरण शरीराला आतून इजा करतात. पाण्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मग कळणार कसे? कारखाना गुप्त होता. लोकांना कोणी काही सांगितले नाही.

त्या सांडपाण्यातले दोन पदार्थ ध्यानात ठेवा. एक सीझियम, दुसरा स्ट्रॉन्शियम.

चिकणमातीला बारीक बारीक पापुद्रे असतात. सीझियम त्या पापुद्र्यांत जाऊन घट्ट बसते. वाळू त्याला फारशी धरून ठेवीत नाही, चिकणमाती धरते. म्हणून जिथे पाणी संथ होते आणि गाळ बसतो, तिथेच हे विषही साठते.

स्ट्रॉन्शियमचे तसे नाही. ते मातीला सैल चिकटते, पाण्यात पुन्हा विरघळते आणि पुढे जाते. पोटात गेले की शरीर त्याला चुना समजते आणि हाडांत साठवते.

१९५१ साली वसंतात तेचेला पूर आला. पुराने तळचा गाळ उचलला आणि काठच्या कुरणांवर पसरला. तिथले गवत गुरांनी खाल्ले. गवतातून विष दुधात गेले आणि दुधातून पोरांच्या पोटात गेले. शेकडो माणसे आजारी पडली. रक्ताचा कर्करोग वाढला.

पाणी उकळले तर? उकळल्याने रोगजंतू मरतात. हे विष जंतू नव्हे, ते उकळून जात नाही. काळ लोटेल तसेच ते कमी होते. दोन्ही पदार्थ सुमारे ३० वर्षांनी निम्मे होतात. आज १०० भाग असतील, तर ३० वर्षांनी ५० उरतात, ६० वर्षांनी २५. म्हणजे आजोबांच्या वेळचे विष नातवालाही पुरते.

पुढे सरकारने नदीवर बांध घातले, विहिरी खणल्या, सुमारे ७,५०० लोकांना दुसरीकडे नेले. मुस्ल्युमोवो गावचे लोक मात्र तिथेच राहिले. त्यांना हलवण्याचे काम २००६ नंतर हाती घेतले गेले.

आपला शेतकरी तळ्यातला गाळ आनंदाने शेतात घालतो, आणि ते बरोबरच आहे. गाळ वाईट नाही. त्यात आपण जे सोडू, ते तो जपून ठेवतो, इतकेच. म्हणून कारखान्याखालच्या नदीचे नुसते पाणी तपासून भागत नाही. तळचा गाळही तपासून घ्यावा, आणि ते विचारण्याचा हक्क काठच्या प्रत्येक माणसाला आहे.