अळू

(सं. आलुकी, हिं. अरवी, गु. अळवी, क. केसु, लॅ. कोलोकेशिया एस्क्युलेंटा, कुल-ॲरेसी). सुरणाच्या कुलातील ही बहुवर्षायू ओषधी उष्ण व दमट प्रदेशांत बहुतेक सर्वत्र आढळते. पुष्कळ ठिकाणी ती कंदासाठी लावतात. कोकणात मात्र पानांचे महत्त्व अधिक. जमिनीतील घनकंदापासून लांब देठाची, ढालीच्या आकाराची मोठी पाने येतात. त्यांच्या पृष्ठावर सूक्ष्म उंचवटे व मेणाचा थर असल्याने पाण्याचा थेंब ठरत नाही. ‘अळवावरचे पाणी’ हा वाक्प्रचार त्यावरूनच रूढ झाला. फुले क्वचित येतात. अनेक प्रकार त्रिगुणित (४२ रंगसूत्रांचे) असून त्यांना बी धरत नाही, म्हणून अभिवृद्धी कंदांनीच होते. न्यू गिनीतील कूक येथे सु. १०,००० वर्षांपूर्वीच्या दगडी हत्यारांवर अळूचे स्टार्चकण आढळले आहेत. इतका जुना हा माणसाचा सोबती एका परसातून दुसऱ्या परसात हातोहातच गेलेला आहे.

कोकणात अळूची जागा न्हाणीच्या मागे, सांडपाण्याच्या पाटाकडेला ठरलेली असे. पनवेल खाडीजवळचे कामोठे हे असेच भातशेतीचे गाव. १९७० नंतर नवी मुंबईसाठी येथील जमिनी संपादित झाल्या, सखल भागावर भराव पडून वसाहत उभी राहिली आणि २०१६ मध्ये ती पनवेल महानगरपालिकेत आली. परस गेले, न्हाणीचे पाणी बंद नळातून वाहू लागले. अळवाला उरली ती सज्जातील कुंडी किंवा इमारतीभोवतालची पट्टी. भरावाच्या मुरमात पीक चांगले येत नाही. त्यात कुजलेले शेणखत व माती भरपूर मिसळावी लागते. उघड्या गटारापाशी आपोआप माजलेले अळू कितीही टवटवीत दिसले, तरी खाऊ नये. मैलापाण्यातील रोगजंतू पानांवर येतात आणि शिसे, कॅडमियम यांसारख्या धातूंचे शोषणही होऊ शकते. पूर्वीच्या न्हाणीचे पाणी व आजच्या गटाराचे पाणी एक नव्हे.

लागवड मे-जूनमध्ये करतात. निरोगी उपकंद ४५ ते ६० सेंमी. अंतरावर, डोळा वर ठेवून लावतात. कुंडी खोलपेक्षा रुंद असावी. जमीन सतत ओलसर हवी. सु. दोन महिन्यांनी बाहेरची पक्व पाने देठासह कापतात. मधली दोन-तीन राखली, तर नवी पाने येत राहतात. उन्हाळ्यात पाणी तुटल्यास पाने वाळून जातात, परंतु कंद जिवंत राहतो व पहिल्या पावसाबरोबर फुटतो. झाड मेले असे समजून कुंडी रिकामी करण्याची चूक अनेकांकडून होते. पानांसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण हरितपर्णी’ हा प्रकार प्रसारित केला आहे.

करपा हा मुख्य रोग. फायटोप्थोरा कोलोकेशी या रोगकारकामुळे पावसाळ्यात पानांवर पाणथळ गोल डाग पडून ते झपाट्याने वाढतात. रॅसिबॉर्स्की यांनी १९०० मध्ये जावात त्याचे वर्णन केले. भारतातील रोगाविषयी बटलर व कुलकर्णी यांनी १९१३ मध्ये लिहिले. १९९३ मध्ये सामोआ बेटांवर तो पोहोचला, तेव्हा जवळजवळ एकाच प्रकारावर विसंबलेली तेथील अळूची शेती व निर्यात कोलमडली. कंदापासून होणाऱ्या पिकात सर्व झाडे एकसारखी असल्याने हा धोका नेहमीचाच; म्हणून घरोघरचे निरनिराळे वाण टिकणे आवश्यक ठरते. डागाळलेली पाने काढून जाळावीत, झाडांत हवा खेळती ठेवावी आणि रोगट झाडाचा कंद बेण्यास घेऊ नये.

भाजीच्या अळवाचे देठ हिरवट, तर वडीच्या अळवाचे काळपट-जांभळे व पान जाड असते. दोन्हींत कॅल्शियम ऑक्झॅलेटाचे सुईसारखे स्फटिक असतात. ते घशात रुतून खाज सुटते. पाने पुरेशी शिजविणे हाच तिच्यावरचा मुख्य उपाय होय. चिंच, आमसूल किंवा आंबट चुका घालण्याची रीत जुनी आहे. चिरण्यापूर्वी हातांना तेल लावतात. लग्नाच्या पंगतीत शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ व ओल्या खोबऱ्याचे काप घातलेले फतफते आणि श्रावणातील अळूवडी हे या पानांचे प्रसिद्ध पदार्थ. मूतखड्याची प्रवृत्ती असणाऱ्यांनी मात्र ती बेतानेच खावीत, कारण शिजवून खाज गेली तरी ऑक्झॅलेट पूर्णपणे नाहीसे होत नाही.