चिनी वैद्यकाची पदवी : परदेशाची वाट तीन दारांतून

जडीबुटीचा पिढीजात धंदा करणारे आमचे एक अत्तार दोस्त मध्यंतरी भेटीस आले. मुलगा बारावी सायन्स पास झालेला. एका एजंटाने त्यांना सांगितले होते की, ऑस्ट्रेलियात चिनी वैद्यकाची चार वर्षांची पदवी घ्या, पुढे कायमचे वास्तव्य पक्के समजा. व्याजाचे कर्ज काढायचे नाही, म्हणून बाजारातला गाळा विकण्याची तयारी चाललेली. "मुळ्या-पाल्याची ओळख तर आमच्या घरातच आहे, मग हरकत काय?" हा त्यांचा सवाल.

विद्येला आमची हरकत नाही. पण माल पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये, हा बाजाराचा नियम शिक्षणालाही लागू आहे. इथे दारे तीन आहेत आणि तिन्हींचे पहारेकरी वेगळे. पदवी विद्यापीठ देते, धंद्याची परवानगी नोंदणी मंडळ देते आणि राहण्याची परवानगी सरकारचे व्हिसा खाते देते. एकाने दिलेला शब्द दुसऱ्यावर बंधनकारक नसतो.

पहिले महत्त्वाचे दार नोंदणीचे. व्हिक्टोरिया राज्याने २००० साली या धंद्यासाठी कायदा केला आणि १ जुलै २०१२ पासून संपूर्ण ऑस्ट्रेलियात नोंदणी सक्तीची झाली. नोंदणीशिवाय स्वतःला ॲक्युपंक्चरतज्ज्ञ म्हणवून घेणेही गुन्हा आहे. नोंदणीचे तीन विभाग आहेत : ॲक्युपंक्चर, चिनी वनौषधी-उपचार आणि औषधे बांधून देणे. मंडळाने मंजूर केलेला अभ्यासक्रम, इंग्रजीची ठरलेली पात्रता आणि व्यावसायिक विमा या अटी आहेत. नोंदणीचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. चीनमधून पदवी घेऊन येणाऱ्याच्या शिक्षणाची मंडळ स्वतंत्र तपासणी करते.

आपल्या मुलांसाठी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. चिनी औषधांत गाढवाच्या कातड्याचा सरस आणि दारूत मुरवलेल्या मुळ्याही येतात. ज्याला हे नको असेल, त्याला फक्त ॲक्युपंक्चरच्या विभागात नोंदणी करता येते.

दुसरे दार व्हिसाचे. १ जुलै २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाची फी २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर झाली. अर्ज नामंजूर झाला तरी ती सहसा परत मिळत नाही. १० मे २०२४ पासून एका विद्यार्थ्याच्या वर्षाच्या राहणीखर्चासाठी २९,७१० डॉलर दाखवावे लागतात. शिकवणीची फी आणि प्रवासखर्च वेगळा. शिकत असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येते, म्हणजे कमाईतून फी भरू हा हिशेब धरू नये. पदवीनंतर तात्पुरता काम-व्हिसा मिळू शकतो, पण १ जुलै २०२४ पासून त्याची वयोमर्यादा बहुतेकांसाठी ५० वरून ३५ वर आली आहे.

कायमच्या वास्तव्याचा मार्ग गुणांचा आहे. किमान ६५ गुण लागतात, पण ते केवळ अर्जाची पात्रता देतात. निमंत्रण बहुधा त्याहून जास्त गुणवाल्यांना मिळते. कुशल व्यवसायांची यादी सरकार बदलत असते. राज्याच्या शिफारशीवर जायचे तर त्या त्या राज्याच्या अटी वेगळ्या. तेव्हा यादीत नाव म्हणजे वास्तव्याचा कागद नव्हे.

तिसरे दार रोजीचे. या धंद्यात पगारी नोकऱ्या कमी. बहुतेक जण स्वतःचा दवाखाना चालवतात. मेडिकेअर ही सरकारी योजना अशा उपचाराचे पैसे देत नाही. रुग्ण खिशातून किंवा खाजगी विम्यातून देतो. म्हणजे भाडे, गिऱ्हाईक आणि धीर, हे सारे आपल्या दुकानदारीसारखेच.

परत यावे लागले तर? भारत सरकारने २००३ साली ॲक्युपंक्चरला उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. आपल्या राज्यात त्यासाठी २०१५ चा कायदा आणि स्वतंत्र परिषद आहे. मात्र या पदवीवर एम.बी.बी.एस. डॉक्टरची सनद मिळत नाही, हे घरच्यांनी आधीच समजून घ्यावे.

आमचे सांगणे एवढेच : हिशेब उलट्या टोकाने करावा. आधी नोंदणी मंडळाच्या यादीत अभ्यासक्रम मंजूर आहे का पाहावे, मग व्हिसाचे नियम सरकारी संकेतस्थळावर वाचावेत आणि शेवटी कॉलेजची फी विचारावी. एजंटाला बहुधा कॉलेजकडून दलाली मिळते; त्याचे बोलणे कागदावर मागावे. "पक्के" हा शब्द तो लिहून देणार नाही.

आधी उंट बांधावा, मग तवक्कुल करावा, ही आपली शिकवण आहे. अत्तार दोस्तांनी गाळ्याचा सौदा तूर्त थांबवला आहे. मुलगा सध्या इंग्रजीची तयारी करतो आणि सकाळी दुकानात बसतो.