ज्या दिवशी काहीच घडलं नाही, त्या दिवसाची नोंद

१ सप्टेंबर १८५९. इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हे खगोलनिरीक्षक सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत होते. अचानक डागांजवळ प्रखर प्रकाश झळकला आणि काही मिनिटांत मावळला. त्यानंतर अठरा तासही उलटले नव्हते, तोच पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळून निघालं. युरोप-अमेरिकेतल्या तारायंत्रांचं काम कोलमडलं, आणि एरवी ध्रुवांजवळ दिसणारा ध्रुवीय प्रकाश क्यूबापर्यंतच्या आकाशात दिसला.

हे चुंबकीय वादळ नेमकं किती मोठं होतं? याचं सर्वांत मोलाचं उत्तर मिळालं ते मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत.

१८२६ मध्ये उभी राहिलेली ही वेधशाळा चुंबकीय नोंदी १८४१ पासून ठेवू लागली. टांगलेल्या लोहचुंबकाची बारीकशी हालचाल दुर्बिणीतून पट्टीवर वाचायची, वहीत आकडा लिहायचा, तास झाला की पुन्हा वाचायचा, इतकंच ते काम. १८४० च्या दशकात तिथे सहायक म्हणून राबणाऱ्यांत केरूनाना छत्रे होते, पुढे ज्यांच्या हाताखाली टिळक गणित शिकले. बाळशास्त्री जांभेकरांनीही काही काळ या वेधशाळेचा कारभार पाहिला.

२ सप्टेंबरच्या सकाळी कुलाब्यातला आकडा घसरू लागला, तेव्हा निरीक्षकांनी तासाची वाट पाहिली नाही. खळबळ दिसली की पंधरा किंवा पाच मिनिटांनी वाचन घ्यायचं, ही तिथली शिस्त होती. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत छायाचित्रणाच्या कागदावर आपोआप नोंद होत असे. वादळाच्या जोरात तिथली रेषा कागदाबाहेर गेली. कुलाब्यात माणूस डोळ्यांनी वाचत होता, त्यामुळे घसरण पूर्ण टिपली गेली. ती होती सुमारे १६०० नॅनोटेस्ला, म्हणजे मुंबईतल्या क्षेत्राच्या आडव्या घटकाच्या चार टक्क्यांच्या आसपास. शिवाय मुंबई ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यापासून दूर, त्यामुळे त्या पट्ट्यातल्या विद्युतप्रवाहांची सरमिसळ या आकड्यांत कमी.

मग हे आकडे दप्तरात राहिले. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना यांच्यासह काही शास्त्रज्ञांनी त्यांच्या आधारे त्या वादळाचं मोजमाप मांडलं. नोंद आणि तिचा हा उपयोग यांत १४४ वर्षांचं अंतर आहे. आज उपग्रह आणि वीजवाहिन्या सौरवादळात टिकतील का, याचा हिशेब करताना हेच वादळ समोर ठेवलं जातं. १९८९ च्या वादळात कॅनडातला क्युबेक प्रांत काही तास अंधारात गेला होता, त्यामुळे हा धोका कल्पनेतला नाही.

मला मात्र त्या एका सकाळपेक्षा तिच्या आधीच्या हजारो सकाळी जास्त मोलाच्या वाटतात. घसरण मोजायची तर ती कशापासून मोजणार? शांत दिवसांची पातळी ठाऊक असेल तरच. चुंबक जागचा हलला नाही, आकडा कालच्यासारखाच आला, तरीही तो कुणीतरी लिहिला. अशा नीरस दिवसांच्या आधारावरच तो असामान्य दिवस मोजता आला.

ही साखळी तुटू नये म्हणून पुढच्या लोकांनी घेतलेली काळजीही तितकीच मोठी. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या विद्युतप्रवाहाने वाचनं बिघडणार, हे दिसताच अलिबागला नवी वेधशाळा बांधली गेली. बांधकामात चुंबकीय गुण नसलेलं साहित्य वापरलं. १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे नोंदी घेतल्या गेल्या. एकच काम दोनदा करण्याचं कारण सरळ होतं, जुने आणि नवे आकडे एकमेकांशी जुळवता यावेत. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी पारखून त्यांचं विवेचन १९१० मध्ये प्रसिद्ध केलं. अलिबागचं काम आजही सुरू आहे.

असं काम आपल्या अवतीभवतीही आहे. हवामान खात्याची पर्जन्यमापकं रोज सकाळी साडेआठला वाचली जातात. पाऊस पडला नसेल त्या दिवशी रकाना कोरा ठेवून चालत नाही, तिथे शून्य लिहावं लागतं. शून्य म्हणजे पाहिलं आणि पाऊस नव्हता. कोरी जागा म्हणजे कुणी पाहिलंच नाही. दहा वर्षांनी सरासरी काढणाऱ्याला हा फरक फार महागात पडतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये गावकरी पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिकं ठरवतात. तिथे ग्रामसभेचा निर्णय रोजच्या त्या छोट्या आकड्यांवर उभा असतो.

अशा कामाला कौतुक मिळत नाही आणि करणाऱ्याला त्याचं फळ बहुधा दिसतही नाही. म्हणून ते टाळलं जातं, पुढे ढकललं जातं किंवा ‘काल होतं तेवढंच असेल’ म्हणून अंदाजाने भरलं जातं. अंदाजाने भरलेला आकडा कोऱ्या जागेपेक्षाही वाईट, कारण तो खरा असल्याचं भासवतो.

आपल्या विहिरीची पाणीपातळी, अंगणातला पाऊस, दारच्या आंब्याला मोहोर आला ती तारीख, यांतलं काहीही एक निवडा. जागा तीच ठेवा, वेळ तीच ठेवा, आणि वही घरात सर्वांना सापडेल अशी ठेवा. काही घडलं नाही त्या दिवशी तर आवर्जून लिहा. त्या वहीचा उपयोग कोण करील हे आज ठरवता येणार नाही. पण ज्याला ती लागेल, त्याला मागे जाऊन ती लिहिता येणार नाही.